घोडा आत कोणी घेतला, हे नंतर विचारा

ट्रॉम्बेच्या टेकडीभोवती जितका कडक पहारा आहे, तितका मुंबईत क्वचितच कोठे असेल. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या फाटकातून आत जावयाचे तर ओळखपत्र लागते, तपासणी होते. केंद्राला लागूनच अणुशक्तिनगर आहे. तेथील नाभिकीय ऊर्जा भवनात, देशातील अणुवीज केंद्रे चालविणाऱ्या न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशनचे मुख्य कार्यालय आहे. या कॉर्पोरेशनने ३० ऑक्टोबर २०१९ रोजी वृत्तपत्रांसाठी एक पत्रक काढले. पत्रक जेमतेम काही ओळींचे होते. परंतु माझ्या मते ते प्रत्येक शाळेच्या संगणक-खोलीत लावून ठेवण्यासारखे आहे.

त्यातील मजकुराचा सारांश असा: आमच्या यंत्रणेत एक घातक आज्ञावली सापडली, हे खरे आहे. ४ सप्टेंबर २०१९ रोजी ती लक्षात आली, तेव्हा संगणकविषयक आणीबाणीसाठी केंद्र सरकारने नेमलेल्या ‘सर्ट-इन’ या संस्थेने आम्हांस कळविले. अणुऊर्जा विभागाच्या तज्ज्ञांनी ताबडतोब तपास केला. बाधित संगणक एका वापरकर्त्याचा असून तो प्रशासकीय कामाच्या, इंटरनेटशी जोडलेल्या जाळ्यात होता. महत्त्वाच्या अंतर्गत जाळ्यापासून तो अलग होता. अणुवीज केंद्राच्या यंत्रणांना बाधा झालेली नाही.

हे सारे तमिळनाडूतील कुडनकुलम अणुवीज केंद्रासंबंधी होते. आणि आदल्याच दिवशी, २९ ऑक्टोबरला, त्या केंद्राच्या वतीने निराळे पत्रक निघाले होते. केंद्राच्या नियंत्रण-यंत्रणा स्वतंत्र आहेत, त्या बाहेरच्या जाळ्यांशी जोडलेल्या नाहीत, त्यांच्यावर असा हल्ला होणे शक्य नाही, प्रसृत होत असलेली माहिती खोटी आहे, असे त्यात म्हटले होते.

विद्यार्थीमित्रहो, ही दोन्ही पत्रके शेजारी शेजारी ठेवून वाचा. नियंत्रण-यंत्रणांविषयी दोघांत काही विरोध नाही. परंतु लोकांचा प्रश्न होता, ‘तुमच्या संगणकात काही शिरले आहे काय?’ पहिल्या पत्रकाने उत्तर दिले ते ‘अणुभट्टी सुरक्षित आहे’ या भलत्याच प्रश्नाचे. दुसऱ्या पत्रकाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर दिले: होय, शिरले होते, अमक्या दिवशी कळले, अमक्या प्रकारच्या संगणकात होते, तो या जाळ्यात होता, त्या जाळ्यात नव्हता. संगणकातील घुसखोर ओळखणे आणि काढणे हे काम या दुसऱ्या प्रकारच्या उत्तरापासून सुरू होते. त्या वापरकर्त्याचे नाव पत्रकात नव्हते, हेही ध्यानात ठेवा. त्या मुद्द्याकडे मी पुढे येणार आहे.

कुडनकुलममध्ये सापडलेल्या आज्ञावलीचे नाव ‘डीट्रॅक’. कॅस्परस्की या संगणक-सुरक्षा कंपनीने २०१९ सालच्या सप्टेंबरातच तिच्याविषयी माहिती प्रसिद्ध केली होती. २०१८ साली भारतातील बँकांच्या एटीएम यंत्रांत आढळलेल्या तिच्या भावंडाचा माग काढता काढता ही सापडली. ती कळफलकावर दाबलेली प्रत्येक कळ टिपते, इंटरनेटवर काय काय पाहिले त्याची यादी घेते, डिस्कवरील फायलींची नावे आणि चालू असलेल्या आज्ञावल्यांची नोंद करते, आणि हे गाठोडे मालकाकडे धाडते. काही मोडत नाही, काही पुसत नाही. संगणक नेहमीसारखा चालत राहतो.

अशा आज्ञावलीला ‘ट्रोजन’ म्हणतात. त्यामागची ग्रीक कथा तुम्हांस ठाऊक असेलच. दहा वर्षे वेढा घालूनही ट्रॉय शहर पडेना, तेव्हा ग्रीकांनी लाकडाचा प्रचंड घोडा करून वेशीबाहेर ठेवला आणि माघार घेतल्याचे सोंग केले. ट्रॉयच्या लोकांनी तो आपल्या हातांनी ओढून आत नेला. रात्री पोटातील सैनिक बाहेर पडले. कथेतील एक माणूस मात्र आपण सहसा विसरतो. लाओकून नावाच्या पुजाऱ्याने आधीच बजावले होते की, या घोड्यावर विश्वास ठेवू नका. त्याला व त्याच्या दोन मुलांना समुद्रातून आलेल्या सर्पांनी मारले, आणि खरे बोलल्याची ही शिक्षा पाहून बाकीच्यांनी घोडा अधिकच उत्साहाने आत ओढला! असो.

सारेच घुसखोर ट्रोजन नसतात. मे १९९८ मध्ये पोखरण येथे भारताने अणुचाचण्या केल्या आणि पुढच्याच महिन्यात परदेशांतील काही पोरसवदा मुलांनी ट्रॉम्बेच्या भाभा केंद्राच्या संगणकांत शिरून पत्रव्यवहार पळविल्याचे प्रकरण जगभर गाजले. ते पासवर्ड फोडून आत शिरले होते. म्हणजे कुलूप तोडून चोरी झाली. ‘वर्म’ म्हणून जो प्रकार आहे तो आपले आपण एका संगणकातून दुसऱ्यात सरपटत जातो. ‘व्हायरस’ दुसऱ्या आज्ञावलीला चिकटून पसरतो. ट्रोजन यांपैकी काहीच करत नाही. तो दाराशी उभा राहतो आणि आपण त्याला आत घेतो. लग्नपत्रिका, वीजबिल, वाहतूक विभागाचे चलन, फुकट मिळालेला खेळ, प्रकल्पाचे फोल्डर, असे कोणतेही रूप त्याला चालते. म्हणूनच ट्रोजनच्या प्रत्येक प्रकरणात एक माणूस असा असतो की ज्याने बटण दाबलेले असते. आणि तो माणूस गप्प असतो.

याचा अनुभव मी स्वतः घेतला आहे. काही वर्षांपूर्वी चेंबूर–ट्रॉम्बे परिसरातील एका शाळेत मी संगणकाचे तास घेत असे. नववीची मुले प्रकल्प छापून घेण्यासाठी पेनड्राइव्ह घेऊन झेरॉक्सच्या दुकानात जात. तेथून एक पाहुणा आला. पेनड्राइव्ह उघडला की आतील फोल्डर नेहमीसारखेच दिसत. त्यांतील एक मात्र फोल्डर नसून फोल्डरचे चित्र धारण केलेली आज्ञावली होती. तिच्यावर दोनदा टिचकी मारली की ती चालू होई आणि खरे फोल्डर लपवून त्यांच्या नावांच्या तोतया फायली करून ठेवी. (काटेकोरपणे बोलावयाचे तर ती स्वतःच्या प्रती काढत असल्यामुळे अर्धी वर्मही होती. परंतु शिरली ती सोंग घेऊनच.) खोलीतून ती शाळेच्या कार्यालयात गेली, कारण गुणपत्रकांची फाइल त्याच संगणकांवरून पेनड्राइव्हने जात असे.

मुख्याध्यापकांनी वर्गात येऊन विचारले, “हे कोणी केले?” सारा वर्ग खाली मान घालून बसला. मी शनिवारी संगणक साफ केले. मंगळवारी पाहुणा परत. पुन्हा साफ केले, पुन्हा आला. चौथ्या खेपेला माझ्या ध्यानात आले की, घोडा संगणकात नव्हताच. तो मुलांच्या दप्तरांत होता आणि तेथे तो आमच्याच प्रश्नामुळे सुरक्षित होता. पेनड्राइव्ह दाखविणे म्हणजे गुन्हा कबूल करणे, असे आम्हीच ठरवून टाकले होते.

मग मी प्रश्न बदलला. नाव कोणी सांगावयाचे नाही. ज्याच्याकडे पेनड्राइव्ह असेल त्याने तो या टेबलावर आणून ठेवावा, साफ करून परत मिळेल, असे सांगितले. मधल्या सुट्टीपर्यंत टेबलावर ढीग जमला. काही पेनड्राइव्ह तर शिक्षकांचेच निघाले!

डॉक्टरांकडे ताप घेऊन गेलात तर ते ‘कोणाची चूक?’ असे विचारत नाहीत. ‘केव्हापासून? काय खाल्ले? घरात आणखी कोणाला आहे?’ असे विचारतात. संगणकाच्या बाबतीतही केव्हा, कोठून आणि कोठवर हे तीन प्रश्न उपयोगी आहेत. ‘कोण’ हा प्रश्न या तिन्हींची उत्तरे बंद करून टाकतो.

आता ओळखावयाचे कसे? संगणक मंद झाला म्हणजे ट्रोजन आला, असे अनेकजण समजतात. हे लक्षण फार कच्चे आहे. जुना संगणक, भरलेली डिस्क, अर्धवट झालेली सुधारणा, यांनीही तो मंद होतो. उलट चांगला ट्रोजन संगणक मंद होऊ देत नाही, कारण त्याला लक्ष वेधून घ्यावयाचे नसते. काही निश्चित खुणा मात्र पाहता येतात. विंडोज ही प्रणाली फायलीच्या नावाची शेपटी सहसा लपविते. ती दाखविण्याची सोय सुरू करा. मग फोल्डर किंवा पत्रिका म्हणविणाऱ्या वस्तूच्या नावापुढे ‘ईएक्सई’ हे शब्द आपोआप उघडे पडतात. माझ्या मते शाळेतील प्रत्येक संगणकावर पहिल्या दिवशी करावयाचे काम हेच आहे. मोबाइलवर लग्नपत्रिकेच्या नावापुढे ‘एपीके’ असले की तीही पत्रिका नव्हे, आज्ञावली होय.

दुसरी खूण म्हणजे पत्ता. टास्क मॅनेजर उघडला की चालू असलेल्या आज्ञावल्यांची यादी दिसते आणि त्यांत ‘एसव्हीसीहोस्ट’ हे नाव अनेकदा आढळते. ते पाहून घाबरू नका. ती विंडोजचीच आज्ञावली आहे आणि तिच्या अनेक प्रती एकाच वेळी चालतात. परंतु खरी आज्ञावली विंडोजच्या ‘सिस्टिम ३२’सारख्या स्वतःच्या कप्प्यांत राहते. त्याच नावाची एखादी तुमच्या डाउनलोडच्या कप्प्यातून चालत असेल, तर ती तोतया समजा. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया निघाला, तेव्हाही नाव ऐकून आणि तोंडावळा पाहून पुष्कळ लोक फसले होते. नाव घेता येते. पत्ता घेणे त्यामानाने कठीण. त्याच टास्क मॅनेजरात, संगणक सुरू होताच आपोआप चालू होणाऱ्या आज्ञावल्यांची यादी असते. ट्रोजनला रोज उठून कामाला लागावयाचे असते, म्हणून तो बहुधा अशा एखाद्या यादीत नाव घालतो. तुमच्या संगणकाची ही यादी तो निरोगी असतानाच वहीत उतरवून ठेवा. प्रयोगशाळेत आपण आधी कोरा प्रयोग करून ठेवतो ना, तसेच हे. निरोगी यादी ठाऊक नसेल तर रोगी यादी पाहून काय कळणार?

मग अँटिव्हायरस कशासाठी? तो हवाच. १९९० नंतरच्या दशकात पुण्यातील कैलास व संजय काटकर या बंधूंनी स्वतः अशी आज्ञावली तयार करून पुढे ‘क्विक हील’ या नावाने मोठा उद्योग उभारला, ही आपल्यासाठी अभिमानाची गोष्ट आहे. आज विंडोजबरोबर ‘डिफेंडर’ फुकट मिळतो. केंद्र सरकारच्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’नेही २०१७ सालापासून साफसफाईची साधने विनामूल्य उपलब्ध केली. परंतु अँटिव्हायरस मुख्यतः दोन गोष्टी करतो: ओळखीच्या चोरांच्या खुणा जुळवितो आणि संशयास्पद वागणुकीवर नजर ठेवतो. अगदी नवा चोर या दोन्हींतून निसटू शकतो. हिरवी खूण दिसली म्हणजे ‘ओळखीचा चोर आढळला नाही’ एवढाच तिचा अर्थ. ‘चोर नाही’ असा नव्हे.

याहून मोठी अडचण अशी की, ज्या संगणकात घुसखोर आहे त्यालाच आपण विचारत असतो. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या ट्युरिंग पारितोषिकाच्या व्याख्यानात, युनिक्स प्रणालीचे एक जनक केन थॉम्पसन यांनी हे फार मार्मिकपणे दाखविले. आज्ञावल्या तयार करणाऱ्या आज्ञावलीतच घोडा लपविला, तर मूळ मजकूर कितीही वाचला तरी तो दिसणार नाही, असे त्यांनी करून दाखविले होते. आपल्याकडील उदाहरण पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये तिच्या यंत्रणेत घुसलेल्यांनी एटीएमच्या मागण्यांना उत्तर देणारी तोतया यंत्रणाच मध्ये उभी केली. खात्यात पैसे आहेत काय, या प्रश्नाला ती ‘आहेत’ असे उत्तर देत राहिली. तीन दिवसांच्या आत, सुमारे २८ देशांतील एटीएम यंत्रांतून काढलेली रक्कम आणि हाँगकाँगला वळविलेली रक्कम मिळून ९४ कोटी रुपयांवर गेले.

म्हणून तपासणी बाहेरून करावी. ‘डिफेंडर’मध्ये ‘ऑफलाइन’ तपासणीची सोय आहे. तिच्यात विंडोज पुरते जागे होण्यापूर्वीच, म्हणजे घुसखोर उठण्याआधी झडती घेतली जाते. किंवा दुसऱ्या, निरोगी संगणकावर तयार केलेल्या पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करून झडती घेता येते.

काढावयाचा क्रमही ध्यानात ठेवा. संशय येताच प्रथम जाळे तोडावे: वायफाय बंद, तार बाहेर. ट्रोजनला मालकाशी बोलल्याखेरीज चोरीचा उपयोग नाही. त्याची दोरी तेथेच कापली जाते. मग पडद्यावर काय दिसते त्याचे छायाचित्र घ्यावे आणि वेळ लिहून ठेवावी. त्या संगणकावर कोणताही पासवर्ड टाकू नये. पासवर्ड बदलावयाचे ते दुसऱ्या, निरोगी यंत्रावरून. आणि पुष्कळजण हे करतच नाहीत! घोडा गेला, पण त्याने नेलेल्या किल्ल्या चोराकडेच राहिल्या, मग काय साधले? पैशांचे नुकसान झाले असेल तर लगेच १९३० या क्रमांकावर कळवावे. येथे तासातासाला महत्त्व असते.

त्यानंतर ऑफलाइन झडती. येथे माझे मत थोडे कडवे आहे. घुसखोर कळा टिपणारा किंवा संगणक दुरून चालविणारा असेल, तर खुडत बसू नये; डिस्क पूर्ण पुसून प्रणाली नव्याने घालावी. तो एकटाच होता की त्याने आणखी कोणाला आत घेतले, हे खात्रीने सांगता येत नाही. फक्त लेखन, चित्रे, छायाचित्रे परत आणावीत, आज्ञावल्या परत आणू नयेत. आणि यासाठी हाताशी जुनी प्रत हवी. सदैव जोडून ठेवलेली नव्हे, कपाटात बंद असलेली. अनेक शाळांत विंडोज १० वरील संगणक आहेत. त्या प्रणालीची नेहमीची सुरक्षा-सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, याकडेही शिक्षकांनी लक्ष द्यावे.

काही शिक्षकमित्र म्हणतात, “शिक्षाच नसेल तर मुले बेफिकीर होतील.” या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. एकच मुलगा दर आठवड्याला कोठून तरी फुकटचे खेळ आणून चालवीत असेल, तर त्याला थांबविलेच पाहिजे. परंतु शिक्षा बटण दाबल्याबद्दल असू नये, लपविल्याबद्दल असावी. बटण कोणीही दाबतो. कुडनकुलमचा तो वापरकर्ता काही अडाणी नसणार. ज्या घरी अणुवीज तयार होते त्या घरालाही ‘तुमच्याकडे काही शिरले आहे’ हे बाहेरच्या संस्थेने कळविले आणि त्यानंतर सुमारे आठ आठवड्यांनी ते जाहीरपणे मान्य झाले. मग पंधरा वर्षांच्या मुलाने पहिल्याच तासाला हात वर करावा, अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करतो? त्याला हात वर करता येईल, अशी सोय मोठ्यांनीच करून ठेवली पाहिजे.

आमच्या शाळेत पुढे संगणक-खोलीच्या दाराशी दोऱ्याने बांधलेली एक वही आली. काही विचित्र दिसले तर त्यात लिहावयाचे. नाव घालणे ऐच्छिक. पंधरा दिवस ती कोरीच राहिली. मग एके दिवशी पेन्सिलीने लिहिलेली नोंद आढळली. दुसरा तास, पेनड्राइव्ह दुकानातून आणला होता, फोल्डर उघडले तर आत काही नव्हते, म्हणून पुन्हा दोनदा दाबले, असे त्यात होते. खाली नावही होते. त्या नोंदीवरून आम्हांस नेमकी वेळ कळली. त्या तासाआधी, सकाळीच काढलेली गुणपत्रकांची प्रत कपाटातील डिस्कवर होती. ती उतरवून घेतली आणि शाळा सुटण्यापूर्वी कार्यालयातील काम पुन्हा सुरू झाले.